पाण्याचे पिंप आणि रक्तस्रावी ताप

(पुण्यातील कार्यकर्ते व हितचिंतक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पावसाळा तोंडावर आला की शहरातील भिंतींवर, दवाखान्यांच्या दारांवर आणि रिक्षात बांधलेल्या ध्वनिक्षेपकांवरून एक आवाहन ठरलेले असते. गृहिणींनी जागरूक राहावे, घरात पाणी साठू देऊ नये आणि डेंग्यूपासून आपल्या कुटुंबाचे रक्षण करावे. या आवाहनातील प्रत्येक सूचना शास्त्राला धरून आहे. तरीही ते ऐकताना काहीतरी खटकते. ज्या स्त्रीला उद्देशून ते केलेले असते तिने हौसेने पाणी साठवलेले नाही. नळ केव्हा येईल आणि आला तर किती वेळ टिकेल याची शाश्वती नाही, म्हणून तिने पिंप भरून ठेवले आहे. पाणी पुरवण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तोच तिला पाणी साठवू नकोस असे बजावतो. या विसंगतीचा विचार आरोग्यखात्याची पत्रके करणार नाहीत. तो राजकीय कार्यकर्त्यांनीच करावयाचा आहे.

प्रथम रोगाविषयी नीट समजून घेतले पाहिजे. काही विषाणूजन्य ताप रक्तवाहिन्यांना इजा करतात, रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतात आणि रोग्याला रक्तस्रावापर्यंत नेतात. त्यांना रक्तस्रावी ताप असे म्हणतात. आफ्रिकेतील इबोला हा त्यांतला सर्वांत कुप्रसिद्ध. त्याचे नाव वर्तमानपत्रांतून सर्वांना ठाऊक झाले आहे. पण पुण्याच्या वस्तीत राहणाऱ्या बाईला भीती बाळगायची असेल तर ती इबोलाची नव्हे. तिच्या उशाशी असलेला रक्तस्रावी ताप म्हणजे डेंग्यूचे गंभीर रूप. १९५३ साली मनिला येथे ते प्रथम ओळखले गेले, नंतर बँकॉकमध्ये त्याची साथ आली, १९६३ मध्ये कलकत्त्यात त्याने भारतात पाऊल ठेवले आणि १९९६ मध्ये राजधानी दिल्लीत दहा हजारांहून अधिक लोकांना रुग्णालयात पाठवून चारशेहून अधिक बळी घेतले. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा ताप येऊन गेला की त्या प्रकारापुरते संरक्षण मिळते. पण पुढे दुसऱ्या प्रकाराने गाठले तर पहिल्या वेळची प्रतिपिंडेच विषाणूला साहाय्यभूत होऊ शकतात आणि आजार अधिक उग्र होतो. म्हणून ‘मला एकदा होऊन गेला आहे, आता काय व्हायचे’ ही समजूत घातक ठरते.

या विषयात पुण्याचे स्थान वेगळे आहे. १९५२ साली येथे विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणू लागली, तेव्हा त्यामागचा नवा विषाणू याच केंद्रातील शास्त्रज्ञांनी शोधून काढला. मराठीत त्या रोगाला माकडताप म्हणतात. १९७३ मध्ये बार्शीला चिकुनगुन्याची साथ आली, तिचा अभ्यासही याच केंद्राने केला. दुष्काळाचा तो काळ होता हे येथे विसरता कामा नये. पाणी कमी पडले की साठवण वाढते, आणि साठवण वाढली की हा डास वाढतो. २०११ मध्ये गुजरातेत साणंद तालुक्यात क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाने एक स्त्री मरण पावली, आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व तिची शुश्रूषा करणारी परिचारिका हे दोघेही दगावले. त्या रोगाचे निदानही पुण्यातच झाले. डेंग्यूच्या तपासणीचे संच या संस्थेतून देशभरच्या सरकारी रुग्णालयांना जातात. इतकी विद्या ज्या शहरात आहे, त्याच शहरातील वस्त्यांत दरवर्षी हा ताप फिरतो. विद्येचा अभाव हे त्याचे कारण असू शकत नाही.

कारण शोधायचे तर पिंपाकडे यावे लागते. एडीस इजिप्ती हा डास गटारात वाढत नाही; त्याला स्वच्छ, संथ पाणी लागते. मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवते. पाणी आटले तरी ती अंडी कित्येक महिने तग धरून राहतात आणि पुन्हा पाणी लागले की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास होईपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा असे सांगितले जाते. केवळ पाणी ओतून उपयोग नाही, भांडे आतून घासले पाहिजे. हा डास दिवसा चावतो आणि फार दूर जात नाही. बहुधा शे-दोनशे मीटरच्या परिघातच त्याचे आयुष्य सरते. म्हणजेच एका गल्लीतील ताप हा बव्हंशी त्या गल्लीचाच असतो.

आता कोरड्या दिवसाचा हिशेब मांडून पाहावा. दोनशे लिटरचे एक पिंप, दोन घागरी, मोरीतली बादली, वर एखादी लहान टाकी. एवढे सारे रिकामे करून, घासून, पुन्हा भरायचे. ज्या घरी चोवीस तास नळ आहे त्या घरी हे काम एका सकाळचेही नाही. शिवाय त्या घरी पिंपच नसते. जिथे पाणी ठरावीक तासच येते किंवा टँकरने येते, तिथे पिंप ओतणे म्हणजे दोन दिवसांचे पाणी मोरीत सोडणे. सुज्ञ बाई ते करीत नाही. २०१७ व २०२१ मध्ये पुणे महापालिकेत चौतीस गावे घेतली गेली. त्यांतील अनेक ठिकाणी लोकांना वर्षानुवर्षे टँकरवर अवलंबून राहावे लागले. शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीस पाणी दिवसाआड सुरू करण्यात आले. समान पाणीपुरवठ्याची जी योजना पुण्यात मोठ्या गाजावाजाने हाती घेण्यात आली, तिच्या पूर्ततेची मूळ मुदत केव्हाच उलटून गेली. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे उशाशी असलेल्या शहराची ही कथा आहे. प्रत्येक घरातील पिंप म्हणजे महापालिकेने आपल्या कामाचा एक भाग त्या घरातील स्त्रीवर ढकलल्याची खूण होय. अर्थशास्त्रात ज्याला साठवणुकीचा खर्च म्हणतात तो येथे कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो पैशात नव्हे, स्त्रीच्या वेळात आणि कंबरेत दिला जातो.

हा वेळ किती असतो तेही पाहण्यासारखे आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी स्त्री त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटे घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ८८. रोगप्रतिबंधाची प्रत्येक नवी सूचना या २८९ मिनिटांत भर घालते. पत्रक छापणाऱ्याला ती फुकट वाटते इतकेच.

शिवाय एका घराने लावलेले झाकण पुरेसे नसते. शेजारच्या बांधकामावर लिफ्टच्या खड्ड्यात पाणी तुंबले असेल, तर झाकण लावणाऱ्या घरालाही डास चावणारच. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना एकदमच मिळतो किंवा कोणालाच मिळत नाही, ती वस्तू व्यक्तीच्या सद्गुणावर सोपवून चालत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षालाच शिकवले जाते. ज्या रोगाची मुळे सार्वजनिक व्यवस्थेत आहेत, त्याच्यापासून बचाव मात्र खाजगी बाजारातून विकत घ्यायचा. मच्छर-अगरबत्ती, विजेवर चालणारी द्रव्ये, अंगाला लावायची मलमे, ज्याला जसे परवडेल तसे. धुराच्या फवारणीविषयी वेगळे काय सांगावे? ती दिसते, तिचा आवाज होतो, तिच्यासमवेत छायाचित्र निघते. परंतु ती फक्त उडणाऱ्या डासाला मारते, अळीला नाही. आणि हा डास तर पलंगाखाली, कपड्यांमागे दडून बसलेला असतो.

इथवर ऐकून एखादा कार्यकर्ता म्हणेल की मग जागृती हे थोतांड आहे, पाण्याचे आंदोलन तेवढे करावे. ही भूमिका सोयीची आहे, बरोबर नाही. पाण्याची व्यवस्था सुधारायला वर्षे लागतील. ताप या श्रावणातच येईल. जागृती हवीच. पण कशाची जागृती? पाणी झाकावे हे वस्तीतील बायकांना ठाऊक असते. पिंपावर जुने लुगडे ताणून बांधण्याची युक्ती त्यांनी कोणाच्या पत्रकावरून शिकलेली नाही. ज्यावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो, त्या गोष्टी मात्र त्यांना क्वचितच कोणी सांगते.

त्यांतली पहिली गोष्ट अशी की डेंग्यूत ताप उतरणे ही नेहमीच बरे होण्याची खूण नसते. बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो, आणि नेमक्या त्याच चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत रक्तातील द्रव वाहिन्यांबाहेर झिरपू लागण्याचा धोका असतो. पोटात असह्य दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणे, गुंगी किंवा अस्वस्थता, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठले पाहिजे. दुसरी गोष्ट स्त्रियांच्या शरीराची आहे, आणि ती उच्चारायला आपले सार्वजनिक जीवन अजून लाजते. या तापात पाळीचा स्राव नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक होणे, किंवा पाळीचे दिवस नसताना रक्त जाणे, हीदेखील धोक्याचीच खूण आहे. बाई ते ‘नेहमीचेच’ म्हणून सोसते. घरात सांगत नाही, पुरुष डॉक्टरला तर नाहीच. मराठी पत्रकांवर डासाचे चित्र मोठे काढलेले असते, या वाक्याला मात्र जागा मिळत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे अंगदुखीवर ऍस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्या गोळ्या अथवा सुया घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही प्रमाणात. नाक्यावरच्या दवाखान्यात ‘एक सुई द्या, उद्या कामावर जायचे आहे’ असे सांगणारी बाई आपल्या हाताने धोका ओढवून घेत असते.

प्लेटलेटचा आकडा हा अलीकडे घरोघरी भीतीचा विषय झाला आहे. आकडा घसरला की नातेवाईक रक्तपेढ्यांच्या दारी धावतात, उसनवारी करतात, दागिने गहाण टाकतात. वस्तुतः रक्तस्राव होत नसेल आणि आकडा फारच खाली गेलेला नसेल तर प्लेटलेट चढवण्याची गरज बहुधा नसते. जीव वाचतो तो वेळेवर आणि मोजून दिलेल्या द्रवाने. योग्य उपचार मिळाले तर डेंग्यूच्या गंभीर रुग्णांतही मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या खाली आणता येते, हे जगभरचा अनुभव सांगतो.

‘उद्या कामावर जायचे आहे’ हे वाक्य सहज सोडून देण्यासारखे नाही. धोक्याचा दिवस आणि कामावर परतण्याचा दिवस हा एकच असतो. ताप उतरला म्हणून चार घरची धुणीभांडी करणारी बाई पाचव्या दिवशी उठून निघते. कारण सहाव्या दिवशीही गेली नाही तर काम दुसरीला मिळेल. तिला तुम्ही कितीही जागरूक केले तरी ती जाणारच. १९८० साली याच पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, तेव्हा पगारवाढीच्या बरोबरीने रजेची मागणी पुढे आली होती. सुशिक्षित घरांतून तेव्हा त्या मागणीची थोडी थट्टाही झाली असेल. आज वाटते की पुण्यातील रोगप्रतिबंधाची ती एक फार शहाणी मागणी होती. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ मध्ये झाला. परंतु आजारपणाची पगारी रजा हा घरकामगार स्त्रीचा हक्क काही झाला नाही.

स्त्रियांचा आजार मोजला तरी जातो काय? भारतातील अनेक रुग्णालयांच्या नोंदींत डेंग्यूचे पुरुष रुग्ण अधिक आढळतात. त्याची कारणे एकाहून अधिक असतील. पण घरात दडणारा आणि दिवसा चावणारा हा डास दिवसभर घरात असलेल्या बाईला सोडून बाहेर गेलेल्या पुरुषालाच निवडतो, असे मानणे कठीण आहे. बाई रुग्णालयात पोहोचत नाही, म्हणून नोंदीत येत नाही, ही शंका रास्त आहे. त्यातच सरकारी हिशेबात विशिष्ट प्रयोगशाळा-चाचणी झालेलाच रुग्ण निश्चित धरला जातो. नाक्यावरच्या झटपट चाचणीत सापडलेला ‘संशयित’ राहतो. आकडा लहान दिसतो, आणि लहान आकड्यावर लहान तरतूद होते.

हेच चित्र सह्याद्रीच्या पलीकडे वेगळ्या रूपात दिसते. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी भागात आणि २०१६ पासून सिंधुदुर्गातील दोडामार्ग व बांदा परिसरात माकडताप आला. तेथे डास नाही, जंगलातील गोचीड आहे; आणि पिंपाच्या जागी काजूची बाग आहे. जानेवारी ते मे हा रोगाचा हंगाम, आणि तोच काजू वेचण्याचा व पातेरा गोळा करण्याचा हंगाम. ही कामे मोठ्या प्रमाणावर स्त्रियाच करतात, वाकून, जमिनीवर हात फिरवीत. त्यांना सांगण्यात आले की मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, अंगभर कपडे घाला, हातापायाला गोचीड-प्रतिबंधक तेल लावा, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा. सल्ला उत्तम. पण जंगलात जाऊ नका असे तिला सांगणे म्हणजे वर्षाची कमाई सोडून दे असे सांगणे होय. दोडामार्गची बाई आणि येरवड्याची बाई या एकाच कोंडीत सापडल्या आहेत. धोका ज्या कामात आहे, पोट त्याच कामावर आहे.

साथीच्या काळात वरून आलेली सक्ती काय करते हे पुण्याइतके कोणत्या शहराला ठाऊक असावे? १८९७ च्या प्लेगात गोरे सोजीर घराघरांत शिरले, बायकांच्या अब्रूचा प्रश्न उभा राहिला, लोक रोगी लपवू लागले आणि पुढे रँडचा वध झाला. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या छावणीतील स्त्रियांच्या हालांविषयी जाहीर तक्रार केली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या वस्तीतील आजारी मुलाला उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. एका बाजूला सक्तीची झडती आणि दुसऱ्या बाजूला लोकांतून उभी राहिलेली शुश्रूषा, हे दोन्ही मार्ग या शहराने एकाच वर्षी पाहिले. आजची घरतपासणी सोजीर करीत नाहीत, आशा आणि महापालिकेच्या कर्मचारी स्त्रिया करतात. अळी सापडली तर नोटीस आणि दंड. झोपडीतील पिंपाला आणि बांधकामावरील खड्ड्याला एकच कायदा लागू आहे, पण दंडाचे ओझे सारखे नाही. आणि दारोदार फिरणाऱ्या आशाताईला शासन अजूनही कामगार म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणते, आणि वेतनाऐवजी मानधन देते.

दुसरा मार्ग अशक्य नाही. १९८१ मध्ये क्यूबात डेंग्यूची प्रचंड साथ आली. साडेतीन लाखांच्या जवळपास रुग्ण, १५८ मृत्यू, त्यांत १०१ मुले. त्या लहान आणि गरीब देशाने हजारो पगारी कर्मचारी घरोघर तपासणीला लावले, रुग्णालयांचे दरवाजे सर्वांना मोकळे ठेवले आणि काही महिन्यांत साथ आवरली. पुढील बरीच वर्षे डास जवळजवळ दिसेनासा झाला. क्यूबाच्या राज्यपद्धतीविषयी लोकशाही समाजवाद्यांचे मतभेद आहेत आणि ते राहतील. सक्ती तेथेही होती. पण प्रतिबंधाचे काम हे मजुरी देण्याजोगे काम आहे, गृहिणीच्या सद्भावनेवर सोडण्याचे नव्हे, एवढे त्यांनी ओळखले होते. पुढे आर्थिक चणचणीत तपासणी ढिली पडली आणि १९९७ मध्ये सान्तियागोत ताप परतला, हाही त्याच धड्याचा भाग आहे.

पुण्याचा अलीकडचा धडा झिकाचा. तोही याच डासाने पसरतो. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे महाराष्ट्रातील पहिली रुग्ण सापडली, ती एक स्त्रीच होती. २०२४ च्या जूनअखेर एरंडवण्यात रुग्ण निघाले आणि पाठोपाठ शहरभर गर्भवती स्त्रियांच्या तपासण्या सुरू झाल्या. गर्भातील बाळाला या विषाणूपासून धोका असल्याने घराघरांत काय धास्ती पसरली असेल याची कल्पना करता येते. त्या वेळी महापालिकेत लोकांनी निवडलेले सभागृह नव्हते. मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार चालू होता. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत असे अभिमानाने सांगितले जाते. पण ज्या वर्षी त्यांची सर्वाधिक गरज होती त्या वर्षी त्या जागाच अस्तित्वात नव्हत्या. एरंडवणे ही बऱ्यापैकी सुखवस्तू वस्ती, हेही ध्यानात ठेवावे. शे-दोनशे मीटर उडणारा डास सोसायटीची भिंत मानीत नाही.

कार्यकर्त्यांच्या हाती काय आहे? मृणाल गोरे यांना गोरेगावच्या लोकांनी ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले ते भाषणांसाठी नव्हे. नळ कुठे पोहोचत नाही आणि का, हे त्यांना तपशिलाने ठाऊक असे. तशी माहिती प्रत्येक वस्तीत गोळा करता येईल. कोणत्या गल्लीत पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते, कोणत्या दिवशी येत नाही, हे तेथील स्त्रियांनीच महिनाभर वहीत लिहावे आणि ती वही तापाच्या नोंदीशेजारी ठेवून क्षेत्रीय कार्यालयात मांडावी. पाण्याचे वेळापत्रक लेखी मागावे. पिंपांना झाकणे आणि जाळ्या महापालिकेने द्याव्यात, कोरड्या दिवशी त्या गल्लीला जादा पाणी सोडावे, आणि बांधकामांची तपासणी झोपडीच्या आधी करावी, या तीन मागण्या कोणत्याही अधिकाऱ्याला अशक्य म्हणता येणार नाहीत. त्याचबरोबर धोक्याच्या खुणांची यादी, पाळीच्या वाक्यासह, प्रत्येक घरी पोहोचली पाहिजे. आणि ज्या घरी मोलकरीण कामाला येते अशा हितचिंतकांनी तिला तापाच्या आठवड्याची पगारी रजा आपणहून द्यावी. त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

वस्तीतील बैठका मात्र दुपारी बारा वाजता घेऊ नयेत, कारण त्या वेळी बायका कामावर असतात किंवा नळावर. त्या रात्री आठनंतर घ्याव्यात, आणि तेव्हा घरचा स्वयंपाक कोण करणार हे पुरुष कार्यकर्त्यांनी आधी आपापल्या घरी ठरवून यावे.